एक उड्डाण, तीन उंच्या: शिंदखेडा तालुक्यातील रॉकेट प्रकल्पाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, धुळे

गटाच्या आजच्या बैठकीत प्रकल्पाची रूपरेषा ठरली. सुमारे पाच किलो वजनाचे रॉकेट आठशे ते नऊशे मीटर उंचीपर्यंत न्यायचे, त्यात दाब, त्वरण आणि स्थान नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक्स बसवायची आणि रॉकेट पुन्हा उडवता येईल अशा स्थितीत परत मिळवायचे, असे उद्दिष्ट आहे. उंचीचा विक्रम करण्याचा हेतू नाही. वर काय घडले याची विश्वासार्ह नोंद आणि अखंड परत आलेला सांगाडा, या दोन गोष्टी मिळाल्या तर काम झाले असे मानले जाईल.

मोटर ‘जे’ वर्गातील असेल. मोटरच्या एकूण आवेगावरून, म्हणजे सरासरी जोर गुणिले जळण्याचा वेळ यावरून, हे वर्ग ठरतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट होते. ‘एच’ची मर्यादा ३२० न्यूटन-सेकंद, ‘आय’ची ६४० आणि ‘जे’ची १२८० आहे. आमची निवड सुमारे ८०० न्यूटन-सेकंदांची असून ती साधारण १.९ सेकंद जळते. ठोस इंधनाची मोटर घरी बनवणे किंवा हौस म्हणून बाळगणे हा विषय आम्ही सुरुवातीलाच बंद केला आहे, कारण त्याला स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ लागू होतात आणि त्यातील धोकाही कागदोपत्री नसून खरा आहे. मोटर परवानाधारक पुरवठादाराच्या ताब्यात राहील, तोच ती उड्डाणस्थळी आणेल, बसवेल आणि तिचे कवच परत नेईल. आमचे काम मोटरच्या पुढच्या टोकापासून सुरू होते.

२७ ऑक्टोबर २०२४

रॉकेटची नळी कशाची करायची, यावर चर्चा झाली. जळगाव-धुळ्याकडे पाइप म्हटले की पीव्हीसीच डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे ज्याला प्रकल्प सांगावा तो पीव्हीसीच सुचवतो. पीव्हीसी जड असतो, उष्णतेने मऊ पडतो आणि फुटला तर त्याचे अणकुचीदार तुकडे उडतात, म्हणून तो उड्डाणाच्या सांगाड्यात कुठेही वापरायचा नाही, असा नियम केला आहे. मात्र शेतीसाठी मिळणारा ९० मिलिमीटर बाह्य व्यासाचा पाइप साचा म्हणून उत्तम ठरला. त्यावर मेणकागद गुंडाळून फायबरग्लासचे कापड आणि इपॉक्सी यांचे थर दिले आणि दुसऱ्या दिवशी पाइप ओढून काढला. नळी सरळ निघाली आहे. फॅब्रिकेशनचे काम पाहणाऱ्या नानांनी ती काचेवर फिरवून तपासली आणि मगच पसंत केली.

कार्बन फायबर अधिक ताठ असते, परंतु ते वीज वाहते आणि रेडिओ लहरी अडवते. आतल्या रेडिओ प्रेषकाचा संदेश बाहेर पोहोचायचा असेल तर फायबरग्लासच योग्य.

१७ नोव्हेंबर २०२४

ओपनरॉकेट या मुक्त संगणकप्रणालीत रॉकेटची प्रतिकृती पूर्ण केली. स्थिरतेसाठी दाबकेंद्र (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) गुरुत्वमध्याच्या (वजनाच्या मध्यबिंदूच्या) मागे असावे लागते, आणि ते किती मागे आहे हे नळीच्या व्यासाच्या पटीत मोजतात. आमच्याकडे हे अंतर १.८ व्यास येते. एकापेक्षा कमी असेल तर रॉकेट डगमगते, आणि फार जास्त असेल तर ते वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवून तिरके जाते. खानदेशात वारा गृहीत धरूनच चालावे लागते, त्यामुळे दोनच्या पुढे न जाण्याचे ठरले.

सरासरी जोर ४२० न्यूटन आणि उड्डाणाचे वजन ५.२ किलो धरता जोर वजनाच्या आठपट होतो. प्रक्षेपणाचा ॲल्युमिनियमचा रूळ तीन मीटरचा आहे आणि तो सोडताना वेग सेकंदाला १९ मीटर असेल. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण रूळ सुटल्यानंतर पंखांना पकड देण्याचे काम केवळ वेग करतो. अपेक्षित उंची ८७० मीटर आणि शिखरापर्यंतचा वेळ साडेतेरा सेकंद आहे.

८ डिसेंबर २०२४

इलेक्ट्रॉनिक्सची मांडणी निश्चित झाली. दोन स्वतंत्र संगणक असतील. एक बाजारात तयार मिळणारा उंचीमापक आणि दुसरा गटातील विद्यार्थिनींनी ईएसपी३२ या लहान नियंत्रक चिपवर बांधलेला. दोघांना वेगवेगळ्या बॅटऱ्या, वेगवेगळे स्विच आणि पॅराशूट सोडण्याच्या वेगवेगळ्या जोडण्या आहेत, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसरा काम पुरे करील.

आमच्या संगणकात दाबमापक, दोनशे जी (गुरुत्वीय त्वरणाच्या दोनशे पट) पर्यंतचा त्वरणमापक, जीपीएस आणि लोरा (कमी शक्तीत दूरवर संदेश पाठवणारा) रेडिओ प्रेषक आहे. सोळा जी पर्यंतचा त्वरणमापक स्वस्तात मिळतो आणि चढतानाच्या दहा जी साठी तो पुरतो, परंतु पॅराशूट उघडतानाचा झटका त्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि नोंद तिथेच सपाट होते. प्रेषक ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात चालतो.

प्रणाली लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने एक आग्रह धरला आणि तो मान्य झाला: स्मृतीत उंची साठवायची नाही, दाबमापकाचे मूळ वाचन आणि तापमान साठवायचे. उंची हा दाबावरून काढलेला निष्कर्ष आहे. निष्कर्ष नंतरही काढता येतो, पण हरवलेले वाचन परत मिळत नाही.

२२ डिसेंबर २०२४

लोणच्याच्या मोठ्या बरणीत दोन्ही संगणक ठेवून हातपंपाने हवा काढली आणि हळूहळू परत सोडली. दाब कमी होत असताना संगणकाला आपण चढत आहोत असे वाटते, आणि दाब पुन्हा वाढू लागताच तो शिखर ओलांडले असे मानतो. पॅराशूट सोडणाऱ्या यंत्रणेच्या जागी जोडलेले लहान दिवे योग्य क्रमाने लागले: आधी ड्रोग, म्हणजे लहान पॅराशूट, आणि जमिनीपासून २०० मीटरवर मुख्य.

नळीला बाजूने छिद्रे पाडण्याचे कामही आज झाले. आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर राहावा म्हणून ही छिद्रे असतात. एकच छिद्र ठेवले तर वाऱ्याकडे तोंड आले की दाब खोटा वाढतो, म्हणून समान अंतरावर चार लहान छिद्रे केली आणि ती नाकाच्या जोडापासून पुरेशी खाली घेतली, कारण जोडाजवळची हवा घुसळलेली असते.

२९ डिसेंबर २०२४

जागेचा प्रश्न सुटला. सुरुवातीला साक्री तालुक्यातील पठार मनात होते. मोकळे, उंच आणि वस्ती विरळ. परंतु ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्यांची रांग उभी आहे ती काही शोभेसाठी नाही. जिथे वीज बनवण्याजोगा वारा आहे तिथे पॅराशूटखाली लोंबकळणारी वस्तू परत मिळवणे म्हणजे तंगडतोड ठरलेली. रावेर-यावलकडचा विचारही झाला नाही, कारण बारमाही उभ्या केळीत रॉकेट शिरले की ते दिसतही नाही आणि त्याचा आवाजही येत नाही.

शेवटी शिंदखेडा तालुक्यातील कोरडवाहू पट्टा निवडला. कापूस वेचून झाल्यावर फेब्रुवारीत बरीच वावरे मोकळी असतात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग आणि त्यावरील विजेच्या तारा यांच्यापासून जागा पुरेशी दूर आहे. हौशी रॉकेटच्या अमेरिकी सुरक्षा संहितेनुसार मैदानाची लहान बाजू अपेक्षित उंचीच्या निम्मी किंवा १५०० फूट, यांपैकी जे जास्त असेल तितकी तरी हवी. आम्हाला त्याच्या दुपटीहून अधिक मिळाली आहे. वाऱ्याची मर्यादा त्या संहितेत ताशी ३२ किलोमीटर आहे, आम्ही २० ठेवली.

जिल्हा प्रशासन, पोलीस आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांच्याकडे अर्ज दिले. ज्यांच्या शेतांवरून रॉकेट जाऊ शकते त्या शेतकऱ्यांची यादी वेगळी केली असून त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगायचे आहे. अर्जापेक्षा हे काम मोठे आहे.

५ जानेवारी २०२५

पॅराशूट बाहेर ढकलण्याची चाचणी. यासाठी बहुतेक ठिकाणी बारूद वापरतात. तिचा परवाना आणि कापड जळण्याचा त्रास टाळण्यासाठी आम्ही कार्बन डायऑक्साइडचे लहान काडतूस घेतले, जसे सोड्याच्या बाटलीला लावतात तसे. स्प्रिंगवर ताणलेली सुई सर्व्हो मोटरने सुटते आणि काडतुसाला भोक पाडते. आठ ग्रॅम वायू खोलीच्या तापमानाला साडेचार लिटरच्या आसपास जागा व्यापतो आणि आमच्या कप्प्याचे आकारमान अडीच लिटर आहे, त्यामुळे हिशेबाने दाब भरपूर येतो. प्रत्यक्षात वायू फुगताना थंड पडतो आणि कमी जोर देतो, म्हणून हिशेबावर विसंबून न राहता जमिनीवर प्रयोग केला. नळीचे दोन भाग एकत्र धरणारे नायलॉनचे बारीक स्क्रू तुटले आणि नाक सतरंजीवर जाऊन पडले. स्क्रूंची संख्या तीनच ठेवणार आहोत.

उन्हाळ्यात याच काडतुसाकडे जपून पाहावे लागेल. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस आहे. त्याच्यावर काडतुसातील द्रव आणि वायू हा भेद उरत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. खानदेशात ३१ अंश ही फेब्रुवारीची दुपार असते.

१९ जानेवारी २०२५

शिरपूरजवळ रेडिओची चाचणी. मोकळ्या शिवारात प्रेषक बांबूवर बांधला असता दोन किलोमीटरवरूनही संदेश मिळाले. तोच जमिनीवर आडवा ठेवला की पल्ला काही शे मीटरवर आला, आणि केळीच्या बागेत तर त्याहून खाली. पाण्याने भरलेली पाने लहरी गिळून टाकतात. याचा अर्थ रॉकेट खाली येत असतानाची शेवटची मिनिटभराची माहितीच खरी कामाची. त्यामुळे शेवटचे स्थान ग्राहकयंत्राने आपोआप जपून ठेवावे, अशी सोय केली. शिवाय नाकात बझर बसवला आणि ग्राहकयंत्राला दिशादर्शक यागी अँटेना लावली.

मुख्य पॅराशूटचा रंग गुलाबी ठरला. नारिंगी आणि लाल हे नेहमीचे रंग आहेत, पण दोंडाईचा-नंदुरबारकडे या दिवसांत लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि लांबून नजर फसते.

२ फेब्रुवारी २०२५

तयार रॉकेट छतावर उन्हात तासभर उभे ठेवले. सावलीत ३० अंश असताना आतल्या कप्प्याचे तापमान ४४ अंशांपर्यंत गेले. बॅटऱ्या आणि काडतुसे यांच्यासाठी रुळावर चढवेपर्यंत पांढऱ्या कापडाचे आच्छादन वापरायचे ठरले. नाकाला ॲल्युमिनियमचा रंग देण्याची सूचना होती; धातूची भुकटी असलेला रंग रेडिओला अडथळा करील म्हणून नाकारली.

९ फेब्रुवारी २०२५, उड्डाणस्थळ

हवाई नियंत्रणाने सकाळी नऊ ते बारा ही वेळ दिली होती. सावलीतील तापमान २९ अंश, आणि ईशान्येकडून सेकंदाला सुमारे चार मीटर वारा. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने मोटर बसवली. त्यानंतर रूळाजवळ केवळ तीन माणसे राहिली आणि बाकीचे शंभर मीटर मागे गेले. स्विच सुरू करण्याचा क्रम लेखी होता: आधी तयार उंचीमापक, त्याचे बीप मोजायचे, मग आमचा संगणक, त्याला जीपीएसचे उपग्रह मिळेपर्यंत थांबायचे, प्रज्वलकाची तार सर्वांत शेवटी.

साडेदहाच्या सुमारास उड्डाण झाले. रूळ सोडताना रॉकेट किंचित वाऱ्याकडे झुकले आणि मग सरळ गेले. काही क्षणांतच ते नजरेत लहान झाले. शिखरावर पांढरा ठिपका दिसला तो ड्रोगचा. त्याखाली रॉकेटची उतरण नियमित होती. २०० मीटरवर गुलाबी पॅराशूट फुलले तेव्हा रूळाजवळ ‘उघडले’ असा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडून निघाला.

दोन टप्प्यांची ही पद्धत का घेतली, ते आज सर्वांना डोळ्यांनी दिसले. मुख्य पॅराशूट शिखरावरच उघडले असते तर सेकंदाला सहा मीटरने खाली यायला सुमारे अडीच मिनिटे लागली असती आणि चार मीटरच्या वाऱ्यात रॉकेट जवळजवळ सहाशे मीटर वाहत गेले असते. प्रत्यक्षात ते रुळापासून सुमारे २८० मीटर नैऋत्येला उतरले.

उतरले ते उभ्या दादरमध्ये, म्हणजे खानदेशातल्या रब्बी ज्वारीत. कापसाची वावरे मोकळी होती, पण मधल्या एका शेतात रब्बीची दादर माणसापेक्षा उंच, कणसांनी भरलेली उभी होती, आणि बांधावरून पॅराशूटचा कणभरही दिसत नव्हता. जमिनीवर पडताच प्रेषकाचे संदेश तुटक झाले. ग्राहकयंत्रावर मात्र तीस मीटर उंचीवरचे शेवटचे स्थान जपलेले होते. पीक तुडवले जाणार या विचाराने आम्ही बांधावरच थांबलो, तेवढ्यात शेतमालक काका दुसऱ्या बाजूने आले. “तुमनं यंतर मन्हा वावरमा पडेल शे, आवाज करी राह्यनं,” असे म्हणून त्यांनी बझरच्या दिशेला हात केला. गटातील एकच जण त्यांच्यामागून तासातून, ताटे न मोडता, आत गेला. पॅराशूट कणसांवर पसरले होते आणि नळी दोन ओळींच्या मध्ये लोंबत होती. आधी दोन्ही स्विच बंद करून काडतुसे रिकामी झाल्याची खात्री केली, छायाचित्रे घेतली आणि मगच सगळे उचलले. मोडलेल्या काही ताटांचे पैसे काकांनी घेतले नाहीत, मात्र उंची किती झाली हे विचारले. त्या क्षणी आमच्याकडे तीन उत्तरे होती.

१० फेब्रुवारी २०२५

तयार उंचीमापकाने शिखर ८१२ मीटर सांगितले. आमच्या संगणकाने ८९८. जीपीएसनुसार ते ८५८ च्या जवळपास आहे, पण वेगाने चढत असताना जीपीएसची पकड सुटली होती आणि ती शिखराच्या आसपास परत आली, त्यामुळे त्या एका आकड्यावर भर देता येत नाही. दोन्ही दाबमापक एकाच कप्प्यात, एकाच चार छिद्रांमागे होते; मूळ दाबाची वाचने जुळतात. म्हणजे हवा दोघांनी सारखीच मोजली, पण तिचा अर्थ वेगवेगळा लावला.

१६ फेब्रुवारी २०२५

शिखराऐवजी उतरण तपासली. ड्रोगखाली रॉकेट सेकंदाला २३ मीटरने स्थिरपणे येत होते आणि जीपीएसची वाचने सलग मिळत होती. प्रत्येक उंचीला जीपीएसच्या आकड्याला तयार उंचीमापकाच्या आकड्याने भागले, तर भागाकार खालपासून वरपर्यंत १.०५५ च्या आसपास राहिला. फरक ठरावीक मीटरांचा असता तर जमिनीची नोंद चुकीची आहे असे म्हटले असते. संवेदकाचा उशीर असता तर तो वेगाप्रमाणे बदलला असता. फरक उंचीच्या प्रमाणात वाढतो, याचा अर्थ मोजपट्टीच लहान पडली आहे.

ही मोजपट्टी म्हणजे प्रमाण वातावरण. त्यात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरलेले असते आणि आमच्या जागेच्या, सुमारे २०० मीटर उंचीला ते १३.७ अंश येते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच दाब कमी होण्यासाठी अधिक उंच जावे लागते. निरपेक्ष तापमानांचे गुणोत्तर काढले तर २९ अंशांसाठी ते ३०२.१५ भागिले २८६.८५, म्हणजे १.०५३ होते. ८१२ ला त्याने गुणले की ८५५ मीटर मिळतात. जीपीएसशी तीन मीटरांचा फरक राहतो आणि तो जीपीएसच्या उभ्या दिशेतील नेहमीच्या अचूकतेत बसतो.

आमच्या संगणकाने प्रमाण वातावरण न वापरता स्वतःचे तापमान घेतले होते. कल्पना योग्य होती, पण दाबमापकाच्या चकतीतील तापमापक कप्प्यातील हवा मोजतो, बाहेरची नव्हे. उड्डाणाच्या वेळी कप्पा ४४ अंशांवर होता. ३१७.१५ भागिले २८६.८५ हे गुणोत्तर १.१०६ येते आणि उंची ८९८ मीटर होते. एकाने हवा खऱ्यापेक्षा थंड मानली, दुसऱ्याने खऱ्यापेक्षा गरम. दाबाचे मूळ वाचन साठवलेले असल्यामुळे बाहेरच्या तापमानाने पुन्हा हिशेब करता आला. उंचीचे तयार आकडेच ठेवले असते तर हे उलगडले नसते.

मे महिन्यात ४३ अंशांना हेच उड्डाण झाले तर प्रमाण वातावरणावर चालणारे यंत्र खऱ्या उंचीपेक्षा नऊ टक्क्यांहून अधिक कमी दाखवील. मुख्य पॅराशूटसाठी हा फरक सुरक्षित बाजूला आहे, कारण यंत्राचे २०० मीटर म्हणजे खरे २२० मीटर होतील आणि पॅराशूट थोडे आधी उघडेल. थंडीच्या पहाटे मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी पारा दहाच्या खाली गेला तर चूक उलट दिशेने जाते, जरी ती अगदी लहान असली तरी. उंचीची तुलना करणाऱ्या कोणत्याही स्पर्धेत उन्हाळी आणि हिवाळी उड्डाणांचे आकडे तापमान न सांगता शेजारी ठेवणे मला योग्य वाटत नाही.

२३ फेब्रुवारी २०२५

सांगाड्याची तपासणी केली. एका पंखाच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे. ती काळ्या मातीच्या ढेकळावर आदळल्यामुळे पडली असावी. तिथे फायबरग्लासचा एक थर वाढवला. सर्व्हो, सुई आणि दोऱ्या चांगल्या स्थितीत आहेत. ड्रोगखाली उतरण्याचा वेग २३ मीटर प्रति सेकंद हा आराखड्याच्या २२ च्या जवळ असल्याने त्यात बदल नाही.

प्रणालीतील बदल ठरले: संगणक आता उड्डाणापूर्वी सावलीतील तापमापकाचा आकडा हाताने मागेल आणि उंचीसाठी तोच वापरील, कप्प्याचे तापमान केवळ बॅटऱ्या व काडतुसांच्या सुरक्षिततेसाठी नोंदले जाईल. शिखरावर ड्रोग सोडण्याचा निर्णय मात्र पूर्वीप्रमाणे दाबाच्या कलावरच राहील, कारण शिखर ओळखायला दाब वाढू लागला एवढे कळणे पुरते आणि त्यासाठी तापमानाची गरज नाही.

दादरच्या शेतमालकांना फोन करून ८५५ मीटर हा आकडा कळवला. पुढच्या वेळी दादर कापून झाल्यावर या, असे त्यांनी सांगितले आहे. त्यांच्या मते महिन्याभरात वावर मोकळे होईल. त्या हिशेबाने हवाई नियंत्रणाकडे पुढच्या वेळेचा अर्ज तयार करत आहोत.